पत्र्याखालची पाळी

हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखणाऱ्यांना सांगायची छाती नाही.

मी अर्ज लिहितो. घोडेगावात, कचेरीबाहेरच्या पत्र्याखाली बसून. सातबाऱ्यावर चुकलेलं नाव, बंद पडलेली पेन्शन, रेशनकार्ड – लोक सांगतात, मी कागदावर नीट मांडतो. आम्ही तिघं होतो. मी, सखाराम, आणि सगळ्यांत थोरले शिनोलीचे अण्णा.

आमच्यात पाळी होती. आलेला माणूस ज्याची पाळी असेल त्याच्यापुढे बसायचा. मग तो कुणाच्या ओळखीचा असो की सोयरा असो. त्यामुळे पत्र्याखाली कधी तंटा झाला नाही.

एकदा जुन्नरहून येताना माझी मोटारसायकल घसरली आणि पाय मोडला. उन्हाळाभर मी खाटेवर. त्या दिवसांत माझी पाळी कुणी खाल्ली नाही. माझ्या वाटणीचे अर्ज त्या दोघांनी लिहिले आणि दर शनिवारी अण्णा पैसे घरी आणून द्यायचे. मी संकोचलो, तर म्हणाले, "पाळी तुमची, तर पैसं बी तुमचंच, भाऊ. आमी नुसता हात चालवला."

माझं घर त्या हातांवर चाललं. हे आधी सांगायलाच हवं. कारण पुढचं त्यानंतर घडलं – आणि तरीही घडलं.

मुलीने माझ्या फोनवर एआय सुरू करून दिलं. चार ओळींत हकीकत टाकली की अख्खा अर्ज समोर – विषय, कारण, विनंती, सगळं जागच्या जागी. मी फोन पॅडाच्या आडोशाला ठेवून त्यातून उतरवून घ्यायला लागलो. अण्णा माणसाचं सगळं ऐकून घेणार, मग चष्मा पुसणार, मग लिहिणार. सखाराम चिडवायचा, "अण्णांचा अर्ज हुईस्तवर मानसाला नातू व्हतोय!" अण्णाही हसायचे. "आन् भाऊंचा हात बघ. लई सराव झालाय."

सराव! मी नुसती मान हलवली. तेव्हाच फोन का दाखवला नाही? दाखवला असता तर ते दोघंही शिकले असते. तेच तर मला नको होतं.

आणि मग मी हिशेब मांडला. रोज किती माणसं येतात, पाळीपायी किती वेळ ताटकळतात, कितींची एसटी चुकते. म्हणालो, पाळी बंद करू. ज्याचा हात मोकळा, त्याने माणूस घ्यावा. लोकांची सोय होईल. आकडे खरे होते. खोटा आकडा मी आयुष्यात मांडला नाही, त्या दिवशीही नाही. फक्त माझा हात आधी मोकळा का होतो, तेवढं गिळलं.

सखाराम कुरकुरला. अण्णांनीच त्याला गप्प केलं. "त्येंचा हिशेब म्हंजी हिशेब. भाऊ म्हणत्यात तर आसंल बराबर."

माझ्या खरेपणावर त्यांचा भरवसा होता. त्या भरवशाच्या जोरावर मी त्यांची पाळी काढून घेतली. दुसरं काय नाव देऊ?

पुढे जे व्हायचं ते झालं. गिऱ्हाइकासाठी सखाराम एसटी स्टँडपर्यंत धावू लागला. पत्र्याखाली पहिल्यांदा शिव्या ऐकू आल्या – एक माझ्याही तोंडून. मग सखाराम टोमॅटोच्या पॅकिंगला लागला. अण्णाही यायचे थांबले. जाताना स्वतःचं स्टूल मला ठेवून गेले, माणसांना बसायला.

आता माणसं स्वतःच्या फोनवरच अर्ज करून आणतात. समोरचं ते स्टूल बहुतेक दिवस रिकामंच असतं.

मागच्या महिन्यात डिंभ्याचा एक मासेमारी करणारा आला. इकडेतिकडे न बघता सरळ त्या स्टुलावर बसला. म्हणाला, "शिनोलीच्या थांब्यावर लेकाच्या टपरीत अण्णा बसत्यात न्हवं, त्यांनी धाडलं. म्हणले, दुसरीकडं नगं जाऊ, पत्र्याखाली भाऊ हायेत. पाळी त्येंचीच हाय."

तेव्हा कळलं. गेल्या काही महिन्यांत जी थोडी माणसं येत होती, ती बरीचशी भीमाशंकरच्या रस्त्याकडची होती. कुठून येतात, हे मी – आकडे ठेवणारा माणूस – कधी मोजलंच नव्हतं. दुसऱ्यांदा माझं घर अण्णांच्या हातावर चाललंय. पाय मोडला तेव्हा वाटली होती त्याहून कितीतरी जास्त कृतज्ञता आज वाटते. एसटीने शिनोलीवरून जातो तेव्हा खिडकीतून टपरीकडे बघून मी हात जोडतो. गाडी थांबली तरी उतरत नाही.

डिंभ्याच्या त्या माणसाचा अर्जही मी फोनवरूनच उतरवला. उठताना त्याने विचारलं, "अण्णास्नी काय सांगू?"

मी म्हणालो, "पाळी पोचली म्हणावं."

एवढंच म्हणालो.