पश्चिमेकडची बास्केट

विजयसिंह सरनोबत जन्मले कोल्हापुरात, घर तालमीचं, आणि आयुष्य गेलं बास्केटबॉलमध्ये. वडील, चुलते सगळे लाल मातीत लोळून मोठे झालेले. पण हा पोरगा आठवीतच दाराच्या चौकटीला डोकं आपटून घ्यायला लागला. वस्तादांनी वडिलांना तोंडावर सांगितलं, "ह्याला आखाड्यात उतरवू नका. ह्याचं पाय धरायला वाकायबी लागत न्हाय." मग पेठेतल्या पोरांनी त्याला फुटबॉलच्या गोलमध्ये उभं केलं, तर बॉल त्याच्या दोन पायांतून आरामात निघून जायचा. शेवटी शाळेच्या एका सरांनी त्याला रिंगखाली नेऊन उभा केला आणि म्हणाले, "हात वर कर." हात जवळजवळ जाळीला लागला. तेवढ्यावर त्याचं नशीब ठरलं.

कोल्हापूरला वेड कुस्तीचं आणि फुटबॉलचं. बास्केटबॉल म्हणजे जत्रेला आलेल्या पावण्याबरोबरचं पोर. कुणी हाकलत नाही आणि कुणी मुद्दाम वाढतही नाही. विजयसिंह पुढं त्याच शहरातल्या एका कॉलेजात क्रीडा संचालक झाले आणि अर्धी नोकरी त्यांनी एकाच गोष्टीसाठी घालवली: मुलींच्या टीमला छपराखाली खेळायला एक हॉल. संस्थेच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ते तेच बोलायचे. लोक कंटाळले आणि कंटाळून हॉल बांधला. लाकडी जमीन, पूर्व-पश्चिम दोन बास्केट, वर पत्रा. उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे चहाला गेले तेव्हा सरांनी बूट काढले आणि अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. शिपाई बाळासो दारातून बघत होता. तो म्हणाला, "सर, देवळात आल्यागत करालासा की."

दोनच हंगाम टीम तिथं खेळली. मग कोरोना आला. हॉल सरकारने घेतला, लाकडी जमिनीवर ताडपत्री अंथरली आणि तिच्यावर लोखंडी खाटांच्या रांगा लागल्या. दुसऱ्या लाटेत, एका कडक उन्हाच्या दिवशी, विजयसिंह सरांनाच तिथं आणून झोपवलं. डोळे उघडले तर वर पश्चिमेकडची बास्केट. शेजारच्या खाटेवर आजऱ्याचे शमशुद्दीन. गावात बेड मिळाला नाही म्हणून त्यांना इथवर आणलेलं. ते गाद्या भरायचं काम करायचे. आल्याआल्या त्यांनी स्वतःची गादी चाचपली आणि नाकावर मास्क असतानाही बोलले, "ही कुणी भरलीय? कापूस न्हाय, नुसत्या चिंध्या हायत."

त्यांनी बास्केटबॉल कधी बघितलेला नव्हता. दिवसभर वर बघत पडायचं, दुसरं करायचं काय? एकदा त्यांनी विचारलं, "सर, त्या जाळीला बूडच न्हाय. टाकलेलं ऱ्हातंय कुठं?" विजयसिंह सरांना हसू आलं आणि हसता हसता इतका खोकला लागला की नर्स धावत आली. मग रोज थोडं थोडं करून सरांनी त्यांना खेळ शिकवला. दोघांच्या उशाशी ऑक्सिजनच्या बाटल्यांत पाणी बुडबुडायचं. बोलायला दम नसला की दोघं गप्प पडून ते बुडबुडे ऐकायचे.

शमशुद्दीन दुपारी गेले. जेवणाची पाकिटं नुकतीच वाटून झाली होती. त्यांनी आपल्या पाकिटातलं उकडलेलं अंडं काढून सरांपुढं धरलं. "हे तुमी खावा. मला न्हाय जात." सरांनी नको म्हटलं, त्यांनी हात मागं घेतला नाही. सरांनी अंडं खाल्लं. खाऊन हात पुसेपर्यंत शेजारचे बुडबुडे चालूच होते, पण श्वास घेणारं कुणी नव्हतं. कुणीतरी येऊन नळी बंद करेपर्यंत ते पाणी तसंच वाजत राहिलं.

सर बरे झाले. खाटा गेल्या, फवारणी झाली, हॉल कॉलेजकडे परत आला. सर्वांना वाटलं, आता सरनोबत आधी जाऊन रिंगला नवी जाळी बांधणार.

ते गेले खरे. सकाळची कोवळी उन्हं खिडकीतून लाकडावर पडली होती. त्यांनी बॉल आपटत मधली रेषा ओलांडली. रिकाम्या हॉलमध्ये प्रत्येक आवाज दोनदा ऐकू येतो, हे त्यांना ठाऊक होतं. पश्चिमेच्या बास्केटखाली येऊन त्यांनी बॉल हातात धरला. आपटण्याचा आवाज थांबला. आणि त्या शांततेत, डाव्या हाताला, गुडघ्याएवढ्या उंचीवरून पाणी बुडबुडायला लागलं. सरांनी मान वळवली. तिथं काही नव्हतं. नुसती जमीन. नळ जवळ नव्हता, पाऊसही नव्हता. बुडबुडे चालूच. ते मागं मागं चालत दारापर्यंत आले, कुलूप घातलं आणि बॉल आतच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, "फ्लोअर फुगलंय. पोरी घसरतील." पुढच्या वर्षी छप्पर गळत होतं. त्याच्या पुढच्या वर्षी वायरिंग धोक्याचं झालं. सरांच्या शब्दाला वजन होतं, कुणी आत जाऊन बघितलं नाही. कॅन्टीनजवळच्या जुन्या उघड्या कोर्टवर तोवर दुचाक्यांचं पार्किंग झालं होतं. मग टीमच्या होम मॅच शहराबाहेर गडमुडशिंगीत, एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर व्हायला लागल्या. मुली केएमटीच्या बसनं जायच्या. हंगामात शेजारून उसाचे ट्रॅक्टर जायचे, गाणी लावून. बाहेरच्या टीम हसायच्या, "ह्यांचं घरचं मैदानसुद्धा उसनं."

घरी वर्षाराणींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, एवढंच ओळखलं की हा माणूस अंडं खात नाही आणि दुपारी झोपत नाही. विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाय, सवय मोडली."

मागच्या हंगामात कॅप्टन मोना त्या सिमेंटवर वाळूवरून घसरली आणि गुडघा हाड दिसेपर्यंत सोलला गेला. सर स्वतः तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन निघाले. वाटेत ती रडली नाही. दात आवळून बसली होती. मग एकदम म्हणाली, "सर, एक विचारू? हॉल असताना आपण हितं का खेळतोय?"

"फ्लोअर खराब हाय."

"मी खिडकीतनं बघितलंय सर. फ्लोअर चकाचक हाय. नुसती धूळ हाय." जरा थांबून तिनं विचारलं, "पोरी म्हणत्यात तिथं कोणतरी खोकतंय. तसलं काय हाय का?"

सरांनी रिक्षावाल्याला सावकाश चालवायला सांगितलं.

उन्हाळ्यात कॉलेजांच्या लीगच्या मंडळाचं पत्र आलं. यापुढं होम मॅच कॉलेजच्या स्वतःच्याच मैदानावर घ्यायची, नाहीतर मॅच समोरच्या टीमला बहाल. प्राचार्य म्हणाले, "सरनोबत, पार्किंग हलवायचं की हॉल उघडायचा, की टीमच बंद करायची, तुम्ही सांगा. कॉलेज उघडायच्या आत सांगा."

सर सांगत नव्हते. दिवस गेले, जून आला, प्रवेशाची गर्दी सुरू झाली. एका सकाळी बाळासो जिमखान्यात आला. त्याच्यामागं एक बाई आणि एक मुलगी. बाईनं डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. मुलीच्या हातात फाईल.

"सर, ह्या आजऱ्याच्या. पोरीला ॲडमिशन घ्यायला आल्यात. पण म्हणत्यात, आधी हॉल बघायचा."

"कुठला हॉल?" सरांनी उगाच विचारलं.

बाईच पुढं आली. "आजारी माणसं ठेवली होती तो. माझं मालक हितंच गेलं. आमाला आत सोडलं न्हाय, तोंड बघाय दिलं न्हाय. हितल्याच कब्रस्तानात माती दिली. आमच्या हातात नुसती एक पिशवी आली, टोपी आणि मोबाईलची. मी जुलेखा. ही शबनूर. मालकाचं नाव शमशुद्दीन."

सर खुर्चीतून उठले. ड्रॉवरमधून किल्ली काढली.

कुलूप गंजलं होतं. बाळासोनं दोन हिसके दिले तेव्हा सुटलं. आत कबुतरांनी पंख फडफडवले आणि पत्र्याखाली धूळ उडाली. सर उंबऱ्याशीच थांबले. मग जुलेखा त्यांच्या शेजारून आत गेली, तेव्हा त्यांनाही जावं लागलं.

"कुठं होती खाट?" ती विचारत होती. "कुणाला म्हाईत असंल?"

"मला म्हाईत हाय," सर म्हणाले. "त्यांच्या शेजारची खाट माझी होती, भाभी."

ते तिला पश्चिमेच्या बास्केटखाली घेऊन गेले आणि डाव्या हाताची जागा दाखवली. जुलेखा खाली बसली. तिनं तळव्यानं धूळ बाजूला केली. लाकूड दिसायला लागल्यावर त्यावर हात ठेवला. शबनूर उभी होती, तिच्या डोळ्यातलं पाणी फाईलवर पडत होतं. सरांच्या कानात बुडबुडे सुरू झाले होते. त्यांना वाटलं, आता ह्या दोघींनाही ऐकू येणार. दोघींना काहीच ऐकू आलं नाही.

"शेवटाला काय बोललं?" जुलेखानं वर बघून विचारलं. "खरं सांगा. गोड करून सांगू नका."

सरांनी हे आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, वर्षाराणींनासुद्धा नाही. ते खाली बसले, भिंतीला टेकले आणि सांगायला लागले. गादीची थट्टा सांगितली, जाळीचं सांगितलं. शबनूर रडता रडता हसली, "अब्बाच हे." मग ते अंड्यावर आले. "मरणाऱ्या माणसानं तोंडातला घास काढून दिला भाभी. आणि मी तो खाल्ला. ते जाताना मी खात होतो."

जुलेखानं त्यांच्याकडं बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"अंडं? त्यांना अंडं आवडायचंच न्हाय की."

सर भिंतीपासून पुढं सरकले.

"वासानं उलटी यायची त्यांना. ईदला घरात अंडाकरी केली तर ताट घिऊन बाहेर बसायचं. तुमच्याकडं ढकललं असंल झालं." तिनं पदरानं तोंड दाबलं. ती हसते आहे की रडते आहे ते काही क्षण कळेना. "आणि तुमी इतकी वर्सं हे उरावर घिऊन बसलाय?"

बाळासो दारात उभा होता, तो पाठ करून बाहेर बघायला लागला.

निघताना जुलेखानं सगळ्या हॉलवर एकदा नजर फिरवली. खिडक्यांच्या जाळ्या, कबुतरांची घाण, कोपऱ्यात हवा गेलेला एक बॉल. "हे असंच बंद असतंय?"

"व्हय."

"मला वाटलेलं, आतापतूर हितं पोरं खेळत असतील. घरात बसून मी डोळ्यापुढं तसंच बघायची. ते जिथं गेलं तिथं पोरं दंगा घालाय लागल्यात, असं." तिनं शबनूरचा हात धरला. "हे बघून जीव दडपला सर. हितं माणसं येऊ देत."

त्याच दिवशी सर प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "होम मॅच हॉलमध्ये. फ्लोअरला काही झालेलं नव्हतं, मी खोटं बोललो." का, ते प्राचार्यांनी विचारलं नाही. सरांचा चेहरा बघून त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

साफसफाईला टीमच्या सगळ्या मुली आल्या नाहीत. दोघींच्या आयांनी सांगितलं, त्या जागेत आमची पोर जाणार नाही. सर त्यांच्या घरी गेले नाहीत, समजूतही घातली नाही. जागेत काही नाही असं शपथेवर सांगायला ते स्वतःच तयार नव्हते. बाळासोनं नारळ फोडला. मोनानं गुडघ्याला पट्टी बांधून पश्चिमेच्या रिंगला जाळी बांधली आणि शिडीवरूनच ओरडली, "सर, खोकणारं कबूतर सापडलं!" मुली हसल्या. सरही हसले, पण शिडी डाव्या बाजूला लागली होती आणि धरायला ते गेले नाहीत, बाळासो गेला.

पहिली होम मॅच इचलकरंजीच्या एका कॉलेजशी झाली. पाऊस पत्र्यावर बडवत होता, तरी माणसं आली. शबनूर नव्या ओळखपत्रासकट पहिल्या रांगेत होती, शेजारी जुलेखा. खेळातलं काही कळत नसताना ती प्रत्येक बास्केटला टाळ्या वाजवत होती, समोरच्या टीमच्यासुद्धा. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि आपल्या मुली पश्चिमेच्या बास्केटवर हल्ला करायला लागल्या. शेवटच्या मिनिटाला मोनाला एकेका गुणाचे दोन फ्री थ्रो मिळाले. टीम दोन गुणांनी मागं. हॉल गप्प झाला, पाऊसही नेमका ओसरला, आणि त्या शांततेत सरांना बास्केटच्या डावीकडून बुडबुडे ऐकू आले. तेच, त्याच उंचीवरून. या वेळी त्यांनी त्या बाजूला सरळ बघितलं. तिथं रिंगवरून परतणारा बॉल धरायला एक मुलगी गुडघे वाकवून, श्वास रोखून उभी होती.

मोनाचा पहिला गेला आत. दुसरा रिंगवर थरथरला आणि बाहेर पडला. एका गुणानं हरले.

मुली रडल्या, जुलेखानं उठून मोनाच्या पाठीवर थोपटलं. बाहेर पडताना इचलकरंजीचे सर थांबले, हॉलकडे पुन्हा एकदा बघून म्हणाले, "सरनोबत, असला हॉल असताना इतकी वर्सं गडमुडशिंगीच्या धुळीत का खेळवलासा?"

"आजारी होतो."

"इतकी वर्सं?"

"व्हय," विजयसिंह सर म्हणाले आणि बाळासोबरोबर खुर्च्या उचलायला लागले.