कोरा रकाना

बंगळूरमधल्या आमच्या राजाजीनगरच्या घरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पुणेकराच्या पोटात जंतू आहेत, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तोच सांगत सुटतो. कंपनीत तो सॉफ्टवेअर तपासतो आणि घरी अँटिबायोटिक्स. "ॲक्च्युअली काकू" म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नाही.

मलाही तेच जंतू निघाले होते, हे कळताच तो लॅपटॉप घेऊन थेट स्वयंपाकघरात आला. डॉक्टरांनी दिलेल्या चौदा दिवसांच्या गोळ्या मी आदल्याच दिवशी संपवल्या होत्या. तोंडाला अजून गंजक्या खिळ्याची चव होती.

"ॲक्च्युअली काकू, मी चार कॉम्बिनेशन्स कम्पेअर केलीत."

तक्ता देखणा होता. कुठल्या गोळ्यांनी तोंड कडू पडतं, कुठल्यांनी जुलाब होतात, सगळं रंगीत. तळाशी लाल अक्षरांत सूचना: 'उष्ट्यातून पसरतात.' शेवटचा रकाना 'जंतू गेले का?' असा होता, आणि तो चारही ओळींत कोरा.

"हे काय रे?"

"त्यासाठी कोर्स पूर्ण करून टेस्ट करावी लागते ना. मला पाच-सहा दिवसांतच बरं वाटतं, मग मी थांबतो. परत दुखलं की नवीन कॉम्बिनेशन."

"सरी," म्हटलं मी, म्हणजे 'बरं'. आमच्या घरात वाद घालायचा नसला की कन्नड बोलतात.

शेगडीवर सारू, म्हणजे इकडचं सार, उकळत होतं. त्यानं डाव उचलला, फुंकर मारून ओठांना लावला आणि भुरका मारला.

"ॲक्च्युअली काकू, मीठ स्वल्प कमी आहे," म्हणाला, आणि त्यानं तोच डाव परत पातेल्यात घालून छान ढवळलं.