येतो म्हणायचं की जातो?

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखतील, पण माणसाशी बोलायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी. यांना मेकॅनिकांचा प्रमुख करायचं साहेबांच्या मनात होतं. फक्त आधी बोलायला शिका म्हणाले. झालं, पन्नाशीचा माणूस दर शनिवारी बोलायला शिकवणाऱ्या मॅडमच्या वर्गात!

मॅडमनी बजावलं, "गोलगोल बोलायचं नाही. 'बघतो', 'करू', हे शब्द बंद. जे खरं, तेच तोंडात." यांनी ते अक्षरशः पाळलं. नणंदेनं हौसेनं भाजी करून आणली आणि विचारलं, "दादा, कशी झालीय?" हे म्हणाले, "खारट." ती पुन्हा फिरकलीच नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईंनी आतून विचारलं, "अहो, दार कधी उघडेल?" हे म्हणाले, "माहीत नाही." बाईंनी रडून इमारत डोक्यावर घेतली.

"अगं, खरं तेच बोललो ना?" हे मला विचारत राहायचे. मला मॅडमचा संताप यायचा, पण यांचं चुकतंय कुठे, तेही सांगता येईना.

मग साहेबांनी मुलाखतीला बोलावलं. सगळं सुरळीत चाललं होतं म्हणे. शेवटी साहेबांनी विचारलं, "दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलंय असं ऐकलं. जाणार का?"

"नाही," हे ठामपणे म्हणाले आणि निघायला उठले. सवयीनं 'येतो' अगदी ओठांवर आलं होतं. पण येत कुठे होते, चालले होते ना! म्हणून नीट विचार करून म्हणाले, "जातो."

साहेब दचकले. "अहो, आत्ता तर नाही म्हणालात!"

"घरी जातो."

साहेबांना वाटलं, हा आपली फिरकी घेतोय. त्यांनी फाईल मिटली. "बघतो."

घरी आल्यावर यांचा एकच घोषा. "बघतो म्हणजे हो की नाही? तो शब्द तर बंद आहे ना?"

सोमवारी कळलं, 'बघतो' म्हणजे नाही. जागा दुसऱ्याला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अवजारांची पिशवी घेऊन दारात थांबले. लग्न झाल्यापासून रोज इथूनच 'येतो' म्हणून निघालेला माणूस. आज नुसतं तोंड उघडत होते, मिटत होते.

त्यांच्या बोलण्याची वाट न बघता मीच म्हटलं, "या."