चपलीच्या फुलाची वाट बघणारे आम्ही चौघं

ज्या झाडाला वर्षाकाठी एक फूल येतं, तेही त्याची मर्जी असली तर, ते पाळणाऱ्यांनी मधल्या दिवसांत करायचं काय? बोलायचं! आमच्याकडं फुलं कमी आणि किस्से जास्त, ते यामुळंच. कुणी भेटलं की विचारतं, "फूल आलं का?" आम्ही म्हणतो, "फूल न्हाई आलं, पण परवा काय झालं माहितंय का..."

आम्ही म्हणजे चौघं. मी सुजाता, नांदेडला बँकेत. नसीमआपा नांदेडच्याच, दातांच्या डॉक्टर. लातूरचे वाघमारेकाका, रस्तेबांधणीच्या खात्यातनं रिटायर. आणि बसवराज, मूळचा निलंग्याचा, लातूरला त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान. चौघांनाही एकच खूळ, स्लिपर ऑर्किड. या फुलाची खालची पाकळी सपातेच्या पुढच्या भागासारखी फुगीर असते, म्हणून हे नाव. झाड मूळचं थंड डोंगरातलं, ओल्या सावलीतलं. आणि आम्ही ते मराठवाड्यात, खोली बंद करून, एलईडी लाईटखाली वाढवून राहिलो. शहाणा माणूस हे करत न्हाई, एवढं आम्हालाही कळतं.

*

माझी आई बिलोलीहून राहायला आली तेव्हा मी तिला मोठ्या कौतुकानं मागची खोली दाखवली. लोखंडी रॅक, प्रत्येक कप्प्याला लाईट, हवा खेळती राहावी म्हणून छोटा पंखा.

"ह्याला काय येतं?" आईनं विचारलं.

"फूल. चपलेसारखं दिसतं."

आईनं रॅक वरून खालपर्यंत बघितला. मग म्हणाली, "आमी जन्मभर चपला दाराबाहेर काढल्या. तू पंखा लावून घरात पाळून राहिली व्हय!"

*

सुरुवातीला बसवराजनं मला निळे-जांभळे लाईट बसवून दिले होते. संध्याकाळी सगळा बोळ जांभळा! आठवडाभरात मागच्या गल्लीतल्या एक आजी दारात उभ्या. हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.

"बाई, डॉक्टर म्हणले लेकराला कावीळ हाय, निळ्या लाईटखाली ठिवा. तुमच्याकडं हाय म्हणून कळलं. कुठं झोपवू?"

मी तशीच रिक्षा बोलावली आणि दोघांना दवाखान्यात घेऊन गेले. बाळ लवकरच ठणठणीत झालं. पण आजी रस्त्यात भेटल्या की अजून म्हणतात, "त्या दिवशी दारात तुमचा उजेड पडला होता बाळावर. थोडं त्येनं बी झालं असंल!"

मी कशाला न्हाई म्हणू? माझ्या झाडांना त्या उजेडानं तेवढंही होत नव्हतं!

*

लातूरचं बोअरचं पाणी इतकं जड की झाडांच्या पानांवर पांढरे डाग पडतात. म्हणून नसीमआपा दवाखान्यातल्या एसीचं गळणारं पाणी धरून ठेवतात आणि काका नांदेडला आले की कॅन भरून घेऊन जातात. एकदा एसटीत कंडक्टरनं अडवलं.

"काका, कॅनमधी काय हाय? रॉकेल चालत न्हाई गाडीत."

"पाणी हाय. एसीचं."

कंडक्टरनं झाकण उघडून वास घेतला, परत लावलं आणि तिकीट फाडत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. गाडीला न्हाई तर न्हाई, पाण्याला तरी एसी हाय!"

*

माझ्या रॅकवर पहिली कळी आली ती पानांच्या मधोमध, हरभऱ्याएवढी. मी सकाळी दात घासायच्या आधी तिच्यापुढं उभी राहायची. दांडा वर चढला, कळी फुगली. रविवारी सगळ्यांनी बघायला यायचं ठरलं. काका आणि बसवराज लातूरहून निघाले आणि इकडं सकाळी बघते, तर कळी पिवळी पडून कुंडीत गळलेली.

सगळे आले. बसवराज म्हणाला, लाईट जवळ झाला. काका म्हणाले, उष्णतेनं गेलं. आपा म्हणाल्या, पाणी जास्त झालं असणार. मी गळलेली कळी उचलून मुठीत धरली.

आई खाली बसून लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "पयलं जातं कधीकधी. झाड ऱ्हातं की."

मग आणखी एक पाकळी सोलून म्हणाली, "तुझ्याआधीचा असाच गेला. बारशाच्या आधी."

माझ्याआधी कुणी होता, हे मला त्या दिवशी कळलं.

नसीमआपा उठल्या, आईशेजारी जाऊन खाली बसल्या आणि तिच्या ताटलीतला लसूण सोलायला लागल्या.

*

वाघमारेकाकांनी हे फूल पहिल्यांदा बघितलं ते ईशान्येकडच्या डोंगरात, कड्याच्या शेवाळात. नोकरी तिकडं होती. "तोडलं न्हाई," ते सांगतात, "साहेबाच्या पाया पडून रस्ता हातभर सरकवून घेतला." खरं-खोटं काकांना ठाऊक. आज त्यांच्याकडची झाडं रीतसर नर्सरीतली आहेत, पण त्या डोंगराचा विषय निघाला की काका भिंतीकडं बघत बसतात.

एका मे महिन्यात त्यांच्या डोक्यात आलं, झाडांना इथं परकं वाटत असणार. त्यांनी मोबाईलवर पावसाचा आवाज शोधला, स्पीकरला जोडला आणि रॅकपुढं लावला. मी तेव्हा तिथंच होते. काय आवाज तो! झडच लागली म्हणा ना!

काकू स्वयंपाकघरातनं "कुरड्या! कुरड्या!" ओरडत गच्चीवर पळाल्या. त्यांना बघून शेजारचे दोघं-तिघं आपापल्या गच्चीवर. वर आभाळ कोरडं ठणठणीत!

काकू खाली आल्या, पदरात अर्ध्या वाळलेल्या कुरड्या. काकांनी घाबरून आवाज बंद केला. आता काही खरं नाही, असं मलाही वाटलं.

काकू दारात उभ्या. म्हणाल्या, "बंद कशाला केलं? चालू ऱ्हाऊ द्या की."

कुरड्या पदरात तशाच धरून त्या खाली टेकल्या आणि डोळे मिटले. काका खूश झाले. "बघ, आमच्या तिकडच्या डोंगरात असाच..."

"तुमचा डोंगर ऱ्हाऊ द्या तिकडंच," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "ह्यो मुरुडचा हाय. आमच्या माहेरच्या पत्र्यावरचा!"

*

बसवराज कर्नाटकात, भालकीला मुलगी बघायला गेला. चहा-पोहे झाल्यावर मोठ्यांनी दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. मुलीनं विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?"

झालं! बसवराजनं कुंडीत घालायची झाडाची साल, कोळसा, पंखा, लाईटची उंची, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "रोपाला फूल यायला किती दिवस लागतात?"

"दिवस न्हाई, वर्षं."

"आणि तोवर काय करायचं?"

"वाट बघायची."

मुलीच्या वडलांचा निरोप आला, "पोरगा चांगला हाय, पण त्येच्या डोक्यात लाईट जरा जास्तच हाय!"

बसवराज त्यावर हसला, आम्हीही हसलो. नंतर मात्र तो नवीन झाडाचं नाव काढेना. बरेच महिने गेले. मग एका रविवारी आम्ही आपांकडं जमलो असताना त्यानं मोबाईल पुढं केला. अनोळखी नंबर, पण फोटो त्या मुलीचा. मेसेज कन्नडात, दोनच शब्द. "हूवु बंता?" म्हणजे, फूल आलं का?

"कवा आलाय हा मेसेज?" काकांनी विचारलं.

"मागच्या आठवड्यात."

"मग? काय लिहिलंस?"

"काय लिहू? आलंच न्हाई अजून फूल! आलं की लिहितो."

आपांनी कपाळाला हात लावला. "अरे पागल, वो फूल को नै पूछरी!"

तिथंच, आमच्या समोर त्याच्याकडनं लिहून घेतलं. "अजून न्हाई. बघायला येता का?" वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. तेव्हापासून बसवराज गिऱ्हाइकाला बल्ब दाखवताना एक डोळा मोबाईलवर ठेवून असतो. परवा एकाला ट्यूबलाईटऐवजी इस्त्री बांधून दिली!

*

नसीमआपा घरी एकट्याच असतात. मुलगा इम्रान कॅनडात, नोकरीला. मागं आला होता तेव्हा त्यानं आपांच्या झाडांच्या खोलीत, रॅकवर एक छोटा कॅमेरा बसवून दिला. म्हणाला, तुम्ही दवाखान्यात असता तेव्हा मी तिकडनं झाडांवर लक्ष ठेवीन.

आणि खरंच ठेवायला लागला! इथं संध्याकाळ, तिकडं सकाळ. आपा दवाखान्यातनं आल्या की मेसेज हजर. अम्मी, पंखा बंद दिसतोय. अम्मी, डावीकडचं पान पिवळं पडलंय. अम्मी, आज पाणी घातलं नाही का?

आपा आमच्याकडं कुरकुर करायच्या. "कधी विचारत न्हाई, अम्मी, जेवलात का, गुडघा कसा आहे. सगळी चौकशी झाडांची! मी झाड असते तर बरं झालं असतं!"

पण संध्याकाळचा चहा त्या त्याच खोलीत घ्यायला लागल्या. रॅकसमोर खुर्ची टाकून, धुतलेली ओढणी घेऊन, केस विंचरून. आम्ही विचारलं, तर म्हणाल्या, "झाडांना माणसाची सोबत लागते."

या हिवाळ्यात त्यांच्या सगळ्यात जुन्या झाडाला फूल आलं. हिरवट, वर पांढरा काठ, सपात अशी तकतकीत की पॉलिश केल्यासारखी! काका कॅन घरीच ठेवून लातूरहून आले, बसवराज आला, मी आईला घेऊन गेले. आम्ही सगळे रॅकभोवती दाटीवाटीनं उभे.

आपांनी कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि बरोबर कॅमेऱ्याच्या पुढ्यात ठेवली. मग आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या, ओढणी सारखी केली आणि इम्रानला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"इम्रान, देख बेटा. दिखरा क्या? इतके साल के बाद आया!"

आम्ही सगळे फोनवर वाकलो.

मग इम्रान म्हणाला, "अम्मी, वो फूल जरा बाजू में करो ना. तुम दिखरे नै."