मुखपृष्ठावरचे डावखुरे गुरुजी

तबल्याच्या गुरुजींना मी डावखुरं केलं. तेही अगदी मन लावून, मुखपृष्ठावर.

त्याचं असं झालं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि कोल्हापुरात आमचं एक संगीताचं मासिक निघायचं. संपादक एक निवृत्त मुख्याध्यापक, गाण्यातले जाणकार. मी मांडणी करणारा, म्हणजे कुठला मजकूर कुठं बसवायचा, कुठलं चित्र केवढं घ्यायचं, हे ठरवणारा. गाण्यातलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं, पण पान कसं दिसावं याबद्दल माझी मतं भलती ठाम होती. त्यातलं सगळ्यात ठाम मत असं, की मुखपृष्ठावरच्या माणसानं अंक ज्या बाजूनं उघडतो त्या बाजूला, उजवीकडं, बघितलं पाहिजे. तो डावीकडं, बांधणीकडं बघत असला, की वाचकाला वाटतं हा गडी आपल्याला टाळून निघाला. आणि फोटोत गुरुजी नेमके डावीकडं बघत होते. संपादकांना न दाखवताच मी छपाईची फिल्म काढणाऱ्याला म्हटलं, "फिरव." त्यानं फिरवली. गुरुजी उजवीकडं बघायला लागले, आणि मुखपृष्ठ असं काही जमून आलं, की ते हातभर लांब धरून मी स्वतःवरच खूश झालो.

फोटो उलटा केला की नुसता चेहरा फिरत नाही, हातही फिरतात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. उजव्या हाताखालचा तबला डाव्या हाताखाली गेला आणि डाव्या हाताचा डग्गा उजवीकडं आला. बरं, ज्यानं जन्मात तबला बघितला नाही अशा माणसाकडून हे झालं असतं तर गोष्ट वेगळी. माझी बायको शाळेतून शिकवून आली, की रोज संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर तासभर तबला वाजवायची. मी समोर चहा पीत बसलेला असायचो. आणि ती याच गुरुजींची शिष्या होती.

गुरुजी बायकांना शिकवत नसत. दोन वर्षं ही त्यांच्या माडीवर खेटे घालत होती आणि ते तिला "मास्तरीण, शाळेतला खडू संपला व्हय?" म्हणून खाली पाठवत होते. शेवटी एक दिवस "बस" म्हणाले. त्याला आता सहा वर्षं झाली होती. माडीवर वीसेक पुरुष आणि ही एकटी बाई. पण गुरुजींच्या माडीवर कुणाचीच जागा कायमची नव्हती. नऊ वर्षं शिकलेल्या एकाला त्यांनी शिकवणीत जांभई दिली म्हणून जिना उतरायला लावला होता, आणि तो परत कधी वर आला नव्हता.

असे गुरुजी फोटोला तयार झाले, ते हिच्या शब्दावर. त्या अंकात त्यांचा धडाच होता, तबल्यावर हात कसा ठेवावा याचा. "माझं थोबाड न्हाय दिसलं तरी चालंल," ते म्हणाले होते, "हात दिसला पायजे." धड्यात जागोजागी छापलं होतं, 'मुखपृष्ठावरील छायाचित्र पाहावे.'

इथं आमच्या वाचकांबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझी भीती कळायची नाही. हे मासिक लोक पडल्या पडल्या वाचत नसत. ते जमिनीवर उघडं ठेवून समोर मांडी घालून बसत. म्हणून मधल्या चार पानांवर स्वरलिपी छापायची, कारण पिना तिथंच असतात आणि तिथं अंक उघडला की न धरता सपाट राहतो. अक्षर मोठं, कारण डोळ्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर. कागद बिनचकाकीचा, कारण वरचा दिवा कागदावर चमकला की सूर दिसत नाही. गगनबावड्याच्या एका वाचकानं लिहिलं, पावसाळ्यात पानं ओली होऊन चिकटतात; तेव्हापासून मधली पानं जाड कागदावर. मुरगूडची भजनी मंडळी ती पानं कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पेटीला लावत. ज्यांच्या गावात शिकवायला कुणी नव्हतं, त्यांना आमचा अंक हाच गुरू. अंकात छापून आलं की ते तसंच करायचं. मला गाण्यातलं कळत नसलं तरी गाणाऱ्यांच्या गुडघ्यांचा आणि चष्म्यांचा विचार मीच करतो, असा मला मोठा अभिमान होता. त्या महिन्यात तोच अभिमान माझ्या अंगाशी आला.

अंक टपालात पडले त्या दिवशी मी एक घरी आणला आणि ऐटीत बायकोसमोर धरला. तिनं बघितलं. आधी हसली, मग हसू गेलं. तिनं आपले दोन्ही हात हवेत तबल्यावर ठेवल्यासारखे धरले, एकदा फोटोकडं बघितलं, एकदा हातांकडं.

"अहो, हे काय केलंय तुम्ही?"

"का? आवडलं न्हाई?"

"गुरुजींचा डग्गा उजवीकडं हाय."

मी बघितलं. खरंच होता. 

"परत मागवा सगळे," ती म्हणाली.

"टपालात गेले."

"आणि दुकानातले?"

ते आणता आले. बिंदू चौकातल्या पेपरवाल्याकडं जाऊन मी उरलेले अंक मागितले. तो म्हणाला, "काय पावणं, सोताच छापतासा आन् सोताच घेतासा?" दहा-बारा अंक मिळाले; गावात अंक तिथंच मिळायचा, बाकी सगळे टपालानं बाहेरगावी. ते मी कपाटावर टाकले आणि जणू विस्तव झाकला अशा थाटात खाली उतरलो.

गुरुजींचा अंक मी स्वतः नेऊन द्यायचा, असं ठरलं होतं. मी नेला नाही. सोमवारी म्हटलं उद्या, मंगळवारी म्हटलं गुरुवारी. संपादकांना मी सगळं सांगितलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "दुरुस्ती पुढच्या अंकात छापू. सांगायला मात्र तुम्हीच जा." चाळीस वर्षं पोरांना धाकात ठेवलेला माणूस, पण गुरुजींचा जिना चढायला तेही तयार नव्हते. बायकोला मात्र आठवड्यातून तीन दिवस तो चढावाच लागे. ती घरातून निघाली की परत येईपर्यंत मी खिडकीशी उभा. ती आली की आधी तिचा चेहरा बघायचा, मग चप्पल काढायची वाट बघायची, मग विचारायचं.

"इचारलं त्यांनी?"

"व्हय. मास्तरीण, जावयाचा अंक आला का न्हाय म्हणाले."

"मग?"

"छपाईला उशीर झालाय म्हणाले मी." आणि मग हळूच, "सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोलले."

तिनं घरी तबला वाजवणं बंद केलं. त्या तासभराच्या शांततेत चहा पिणं मला जमेना. रस्त्यात कुणी मागून "ओ!" म्हणून हाक मारली, तरी गुरुजींनीच माणूस पाठवला असं वाटायचं.

आणि मग नेसरीहून पोस्टकार्ड आलं. तिथल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्यानं लिहिलं होतं. त्यांचे तबलजी वीस वर्षं उजव्या हातानं तबला वाजवत होते. आपल्या अंकाचं मुखपृष्ठ बघून आपण आजवर चुकत होतो हे त्यांच्या ध्यानात आलं. आता आठ दिवस तबला-डग्गा बदलून बसतात. बोटं सुजली आहेत, ठेका अजून बसत नाही, पण जिद्द सोडलेली नाही. गुरुजींचा पत्ता अंकात आहेच, तरी येत्या रविवारी त्यांच्या पाया पडायला येतो.

मी ते कार्ड तीनदा वाचलं. बायकोनं एकदाच वाचलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"ते लोक सांगायच्या आधी आपण सांगायचं," ती म्हणाली. "रविवारी सकाळी."

"तुला काढलं तर?"

"तर काढलं."

रविवारी सकाळी आम्ही मंगळवार पेठेत गुरुजींच्या दारात उभे राहिलो. वरून तबल्याचा आवाज येत होता. मी जिन्याच्या पहिल्या पायरीशी चपला नीट लावत राहिलो. बायको पुढं झाली म्हणून मी मागं गेलो. एकटा असतो तर आजही तिथंच उभा असतो.

"या, जावई," गुरुजी म्हणाले. "अंक आणला?"

मी तो पालथा करून पुढं केला. त्यांनी सुलटा केला, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिले. 

"ह्यो कोण?"

"तुम्हीच, गुरुजी."

"मी? मग माझा डग्गा हिकडं कधी आला?"

मी त्यांना मुखपृष्ठाचा नियम सांगितला. माणसानं उजवीकडं का बघावं, वाचकाला कसं वाटतं, सगळं. बोलताना माझं मलाच ते इतकं फालतू वाटत होतं, की शेवटचं वाक्य मी अर्धंच सोडलं.

"म्हंजे मी कुठं बघायचं, ते तू ठरीवणार," गुरुजी म्हणाले. मग माझ्यावरून त्यांची नजर हिच्यावर गेली. "मास्तरीण, तुला कवापास्नं ठावं हाय हे?"

"पंधरा दिवस झाले."

"आन् मी परवा इचारलं तवा?"

ती मान खाली घालून म्हणाली, "खोटं बोलले."

गुरुजींनी जिन्याकडं बघितलं. फक्त बघितलं. तिनं पदर सावरला आणि ती उठायला लागली. 

तेवढ्यात त्याच जिन्यावर पावलं वाजली आणि दोन माणसं वर आली. एकाच्या हातात आमचा अंक, दुसऱ्याच्या बोटांना फडकी बांधलेली. फडकीवाल्यानं गुरुजींचे पाय धरले.

"नेसरीस्नं आलोय, गुरुजी. तुमच्यावानी डाव्या हातावर घेतलं बगा. लई जड जातंय, पर सोडलं न्हाय."

"कुणी सांगितलं तुला?"

"अंकात हाय की!" त्यानं भक्तीनं मुखपृष्ठ दाखवलं.

"वाजीव."

तो बसला, तबला-डग्गा बदलून घेतले आणि वाजवलं. मला गाण्यातलं कळत नाही म्हणालो, पण ते वाईट होतं हे मलाही कळलं. गुरुजींनी ते सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळले.

"एवढं ऐकत्यात व्हय रं तुझं? पन्नास वर्षं बोंबलून सांगतोय, माझं कुणी एवढं ऐकलं न्हाय."

 त्यांनी हिला तबल्याकडं बोट दाखवलं.

"मास्तरीण, बस हिथं. ह्याला परत उजव्यावर आण. न्हाय आला, तर तू बी त्याच्यासंगं खाली जा."

सहा वर्षांत परक्या माणसासमोर तिनं कधी वाजवलं नव्हतं. पहिल्या आवर्तनात तिचा हात चुकला. दुसऱ्यातही. गुरुजी डोळे मिटून बसले होते, आणि मी माझी बोटं तोंडात घालून. नेसरीचे तबलजी बोटांची फडकी सोडून तिच्या हाताकडं टक लावून बघत होते. मग ती थांबली, हात पुसले, आणि शाळेत पोरांना सांगते त्या आवाजात म्हणाली, "दादा, आधी नुसता हात ठेवा. वाजवू नका." तासाभरानं दोघांचा ठेका एकाच जागी पडायला लागला. गुरुजींनी डोळे उघडले नाहीत.

"मंगळवारी येळंत ये," एवढंच हिला म्हणाले. आणि मला, "जावई, छाप की चूक तुझी हाय म्हणून. आन् तोंड कुठं बी बघू दे, हात जाग्यावर ठेव."

खाली येऊन मी स्कूटर चालू केली. तीन लाथा फुकट गेल्या, चौथीला लागली. बायको मागं बसली.  मंगळवार पेठ मागं पडली. म्हटलं, सुटलो. म्हणून मीच धीर करून म्हणालो, "झालं की सगळं नीट."

"गुरुजींनी मला ठेवलंय," ती म्हणाली. "तुम्हाला ठेवायचं का न्हाई, ते मी अजून ठरवलेलं न्हाई. पुढं बघून चालवा."