हिल्मो मिस्त्रीच्या खुणा

हिल्मो मिस्त्रीला साऱ्या खोऱ्यात मान होता, आणि त्या मानाचीच त्याला धास्ती वाटत होती. त्राव्निक शहरातला कारखाना बंद पडल्यापासून पान्यांची पेटी घेऊन तो डोंगरावरच्या गावांत, ज्याच्या त्याच्या अंगणात गाड्या दुरुस्त करायचा. बायको गेल्यावर तर गाड्या हाच त्याचा संसार. लोक म्हणत, हिल्मोच्या बोटांना डोळे आहेत. हे ऐकलं की अलीकडे तो विषय बदलायचा, कारण डोळे आता खरोखर बोटांनाच उरले होते. मोतीबिंदू वाढत चालला होता. पण कळलं तर बोलावणार कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गडी गप्प.

त्या दिवशी तो रझियाच्या अंगणात होता. तिच्या नवऱ्याची, चामिलची, मूत्रपिंडं निकामी झाली होती; रक्त शुद्ध करून घ्यायला त्याला दिवसाआड घाट उतरून शहरात न्यावं लागे. गाडी रझियाच चालवायची. गाडीच्या टायमिंग बेल्टला चिरा पडल्या होत्या, तो आज बदलायचा होता. काम नाजूक. इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या दातेरी चाकांवरच्या खुणा जागच्या जागी असतानाच नवा बेल्ट चढवायचा. चूक झाली तर आत झडपा आणि दट्टे एकमेकांवर आदळणार, आणि इंजिन भंगारात. उद्या चामिलला शहरात न्यायची पाळी होती.

कारखान्यातून आलेल्या बारीक खुणा हिल्मोला आता दिसत नव्हत्या. त्यावर त्यानं तोड काढली होती. जुना बेल्ट काढण्याआधी तो बायकोच्या मागे राहिलेल्या पांढऱ्या नेलपॉलिशनं दातेरी चाकांपासून इंजिनाच्या अंगापर्यंत जाड रेघा ओढायचा. आजही त्यानं गाडीचं पुढचं उजवं चाक काढलं, रेघा ओढल्या, बेल्ट उतरवला. तेवढ्यात कॉफी आली. कॉफीला नाही म्हणणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, म्हणून तो चामिलशेजारी बाकावर जाऊन टेकला.

"काय मिस्त्री, उद्या गाडी चालेल ना? की मला गाढवावर घालून न्यायचं?" चामिल म्हणाला.

"गाढवाला विचारलंत का? तुम्हाला पाठीवर घ्यायला ते तयार हवं ना."

दोघं हसले. हिल्मो परत आला आणि वाकला. पांढरं काही दिसेना.

"वहिनी, इथं पांढरा रंग होता..."

"तो ओघळ होय? पुसला की! काय तो चिकटा, बाई. ते दातेरी चाक फिरवून मागच्या बाजूनंही लख्ख केलं. तुम्हा पुरुषांना साफ ठेवणं कुठलं जमायला!"

हिल्मोनं हात आत घातला. त्यानं वरच्या चाकावरून नख फिरवलं. एक खळगी लागली. थोडं पुढं दुसरी. त्यातली कुठली खरी? विचारायची सोय नव्हती. मनातल्या मनात अल्लाचं नाव घेऊन त्यानं एक धरली, बेल्ट चढवला, आणि खालच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं हळूहळू फिरवू लागला.

टक्.

पाना अडला. आत लोखंडाला लोखंड लागलं होतं. आणखी जरा जोर केला असता, तर संपलं होतं. त्यानं पाना सोडला. चामिल बाकावरून त्याच्याकडेच बघत होता.

"वहिनी," हिल्मो म्हणाला, "मला दिसत नाही."

रझियानं फडकं खाली ठेवलं. "काय दिसत नाही?"

"काहीच धड दिसत नाही. या चाकावर दोन खळग्या आहेत. त्यांच्याजवळ काय आहे ते सांगा."

ती गुडघे टेकून वाकली. "एकीजवळ रेघ आहे. दुसरीजवळ नुसतं अक्षर."

"रेघवाली धरा. इंजिनाच्या अंगावर बाण असेल."

"आहे."

बेल्ट पुन्हा उतरला. ती सांगत गेली, तो फिरवत गेला. "जरा पुढं. अहो, फार झालं! मागं. हं, तिथंच." खालची खूणही तिनंच जुळवली. पाना लोण्यातून फिरावा तसा दोनदा पुरा फिरला, आणि खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. रझियानं किल्ली फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं.

"चला, गाढव वाचलं!" चामिल ओरडला. हिल्मोला हसू आणि रडू एकदमच आलं.

रझियानं इंजिन बंद केलं आणि हत्यारं गोळा करायला पुन्हा काढलेल्या चाकाच्या जागेपाशी बसली. आता तिला बघायची सवयच लागली होती.

"मिस्त्री, ब्रेकमधलं हे भोक असं रिकामंच असतं का?"

हिल्मोनं हात घातला. बोट भोकात शिरलं. तिथं बोल्ट हवा होता. दुसरा बोल्ट होता, पण तो बोटानंही फिरत होता. हे ब्रेक त्यानंच बसवले होते.

"दिसत नाही ते कधीपासून?" रझियानं विचारलं. सारा हिवाळा ती याच गाडीतून तो घाट उतरली होती.

"गेल्या उन्हाळ्यापासून."

"आणि आमचे ब्रेक हिवाळ्याआधी, पानगळीत केलेत." ती उठून उभी राहिली. "आणखी कुणाचे केलेत?"

हिल्मो खोऱ्याकडे वळला. खाली खोऱ्यात शाळा सुटायची वेळ झाली होती.

"शाळेची गाडी," तो म्हणाला. "गेल्याच आठवड्यात."

चामिलच्या हातातली कॉफी सांडली. रझिया घरात धावली आणि फोन घेऊन आली, पण काय सांगावं ते तिला सुचेना. नंबर लागला, पलीकडून ड्रायव्हर हॅलो हॅलो करू लागला. हिल्मोनं फोन तिच्या हातातून घेतला.

"मी हिल्मो मिस्त्री बोलतोय," तो ओरडला. "मी आंधळा झालोय. गाडी हलवू नकोस!"