मी नावं ठेवलेली सायकल

सायकलवाल्याने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण ब्रह्मपुरीच्या बाजारात ही गोष्ट आता उलटी सांगितली जाते. म्हणे मासोळीवाल्या बाईनं, म्हणजे मी, स्वतःलाच फसवलं. ज्यांना तसं म्हणायचं त्यांनी म्हणावं, पण सगळं ऐकून घेऊन मग म्हणावं.

माझ्याकडे स्कूटी होती. रोवणीच्या दिवसांत तलावावरून परत येताना समोर म्हैस आली. तिला शिव्या देण्याच्या भरात मी स्कूटीसकट रस्त्याकडेच्या धानाच्या बांधीत उतरले. बांधीत चिखल तयारच होता. धान रोवणाऱ्या बायांपैकी एकीने कंबर सरळ न करताच विचारलं, "बाई, रोवायले आल्या का जी?" फार लागलं नाही, पण गुडघा मुरगळला आणि मुलाने स्कूटी विकून टाकली. बाजारहाट, बर्फवाला, बँक, पिठाची गिरणी, सगळीकडे आता सुनेच्या गाडीवर मागे बसून जायचं, असं मला न विचारता घरात ठरलं.

सून चांगली आहे. पण ती भाव करत नाही. दुकानदार सांगेल तो भाव ऐकते, हसते आणि फोन काढून पैसे पाठवून मोकळी होते. मी मागे बसून हे उघड्या डोळ्यांनी बघायचं. एकदा वांग्याच्या भावावरून मी गाडीवरूनच ओरडले, तर ती म्हणाली, "आई, जाऊ द्या ना, तो उन्हात बसून आहे." मी काय आयुष्यभर सावलीत बसले होते? डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासोळी विकली, तेव्हा कुठे बाजारात स्वतःचा ओटा झाला. तो ओटा काही 'जाऊ द्या ना' म्हणून उभा राहिलेला नाही.

डॉक्टर म्हणाले, सपाट रस्त्यावर सायकल चालवा, गुडघ्याला बरं. आमच्याकडे धानाची शेती, रस्ते ताटासारखे सपाट. म्हणजे निवड अगदी सोपी होती: स्वतःची सायकल, नाहीतर सुनेच्या पाठीमागची जागा, तीही कायमची.

सायकलच्या दुकानात गेल्या गेल्या मला हवी ती दिसली. हिरवी. दांडी खाली वाकवलेली, साडी सावरून पाय सहज पलीकडे जाईल अशी. हँडल उंच, म्हणजे पाठ वाकवायला नको. पुढे टोपली, मागे दणकट कॅरिअर, चेनवर पत्र्याचं झाकण. बसून पाहिलं तर दोन्ही तळवे जमिनीला टेकले आणि सीट अशी की उठावंसं वाटेना. किंमतही माझ्या आवाक्यातली होती. बसल्याबरोबर कळलं, हीच.

म्हणून मी तोंड वाकडं करून खाली उतरले.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. आमच्या बाजारात जी वस्तू घ्यायची तिला नावं ठेवायची असतात. रोहूचे कल्ले लालभडक असतात, बाई बोटाने उघडून बघते आणि नाक मुरडते, "कालची दिसून राह्यली." तेव्हा मी सुरी काढते, कारण ही घेऊनच जाणार. जी म्हणते "किती छान मासोळी आहे हो," ती एसटीची वाट बघत टाइमपास करणारी. आणि भाव फारच अडला तर शेजारच्या टोपलीतल्या मालाची स्तुती करायची, की विकणारा घाबरतो. हे सगळं दोन्ही बाजूंना माहीत असतं. सायकलवालाही इथलाच. त्याच्या बापाचं कांद्याचं दुकान होतं. त्याला हे माहीत नव्हतं असं मला कोणी सांगू नये.

"भाऊ, हे सीट होय का म्हशीची पाठ?"

"बसायले आराम पडते बाई."

"आन हे दांडी वाकडी काऊन? कोणी धडक देली का?"

"साडीवाल्या बायांसाठी राहते जी. पाय टाकायले सोपं जाते."

"मले काऊन सोपं पाहिजे? मी का म्हातारी आहो?"

"नाई जी. कोण म्हणते?"

"आन रंग पाहा. शेवाळ आल्यासारखा. भाव सांगा कमी करून."

"ह्याच्यात कमी नाई होत बाई. कंपनीचा भाव आहे."

कंपनीचा भाव! माझं डोकं फिरलं. मी दुकानभर नजर फिरवली. कोपऱ्यात एक लाल सायकल धूळ खात होती. उंच, सरळ दांडीची, गियरची, टायर ट्रॅक्टरसारखे, आणि सीट वाळवलेल्या मासोळीएवढी अरुंद. कॉलेजातल्या एखाद्या पोराने बापाकडून मागून घ्यावी अशी. मी तिच्याकडे बोट दाखवलं. "याच्यापेक्षा ते बरी. मजबूत दिसते. गियर आहेत. सायकल म्हणावं तर याले."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, घाबरला.

"बाई," तो म्हणाला, "तुमची नजर म्हणजे नजर. मग हिरवी नका घेऊ तुम्ही."

आणि त्याने लाल सायकल पुढे आणून फडक्याने पुसायला घेतली. अजूनही वेळ होता. पण मी रागात होते, आणि रागात मला गप्प बसता येत नाही. त्याची खोड मोडावी म्हणून मी असा भाव बोलले की माझाच मला संकोच वाटला. एवढ्या पैशांत त्याने सायकल सोडाच, तिची घंटीही देऊ नये.

तो म्हणाला, "घ्या."

बाजारात 'घ्या' म्हटल्यावर परतीची वाट नसते. आपण बोललेल्या भावात माल मिळाला तर उचलायचाच. न उचलणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मागे मी स्वतः भर बाजारात ओरडत गेलेली आहे, त्यांच्या खानदानासकट. मी पैसे दिले. वर घंटी, कुलूप आणि हवा भरायचा पंपही मागून घेतला. तेही त्याने भांडण न करता दिलं, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

घरी सून म्हणाली, "आई, ह्याच्यावर चढान कशा?"

"तू तुझं पाह्य," मी म्हणाले. "बाजारात इतक्या सस्त्यात कोणाले भेटली नसन."

जमिनीवरून चढता येत नव्हतंच. ओट्यावरून येत होतं. घरच्या ओट्यावर उभं राहायचं, पदर खोचायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. पण उतरायलाही ओटा लागतो. त्यामुळे मला जिथे जायचं तिथे मी जात नव्हते, जिथे ओटा होता तिथे जात होते. बर्फवाल्याकडे ओटा नव्हता. मी चालू सायकलवरून त्याला भाव विचारत पुढे जायची आणि परतताना उत्तर ऐकायची. बँकेला पायऱ्या आहेत पण त्यावर लोक बसलेले असतात. शिंप्याकडे मात्र सुंदर ओटा आहे, म्हणून त्या काळात मी काही कारण नसताना झंपर शिवून घेतले. गुडघ्याला जे व्हायचं ते झालं, आणि सीटने जे केलं ते लिहिण्यासारखं नाही.

शेवटी मी हरले. सायकल हाताने ढकलत दुकानाकडे निघाले, बदलून घ्यायला. बदलून मागायची म्हणजे हिरवीला चांगलं म्हणावं लागणार होतं, आणि तेही तोंडाने. रस्ताभर मी घोकत होते, "सीट चांगली होती, दांडी चांगली होती." जिभेला सवय नव्हती. प्रत्येक वेळी मागून 'पण' निघायचं.

दुकानात हिरवी नव्हती.

"ते गेली बाई," तो म्हणाला. "तुम्हालेच पसंत नव्हती ना? वाकडी आहे म्हणत होत्या."

मी घोकलेलं सगळं गिळलं. "बरं झालं गेली," म्हटलं. "तशीच होती." आणि लाल सायकल ढकलत परत आले. आता ती मुलाकडे आहे. तो सकाळी टोपी घालून तिच्यावर फिरायला जातो आणि वजन कमी झाल्याचं सांगतो. मी सुनेच्या मागे बसते आणि वांग्यांच्या वेळी डोळे मिटून घेते.

एवढ्यावर मी गप्प राहिले असते. पण परवा माझ्या ओट्यासमोर हिरवी सायकल येऊन थांबली. तीच. तिच्यावरून सायकलवाल्याची बायको उतरली, साडी न सावरता, पाय सहज टाकून. माझ्याच वयाची आणि माझ्यापेक्षा अंगाने जास्त.

"नवी घेतली का बाई?" मी विचारलं. आवाज सांभाळला, सुरी खाली ठेवली.

"नवीच म्हणा. दुकानातलीच होय." ती झिंगे चिवडत म्हणाली. "आमच्या घरचे सांगत होते, मासोळीवाल्या बाईनं हे सायकल पाहून इतकी नावं ठेवली, इतकी नावं ठेवली, म्हणजे वस्तू नक्की एक नंबर असन. मंग त्याईनं विकलीच नाई. घरीच आणली."

बाजूच्या ओट्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी झिंगे तोलून दिले. तिने भाव केला नाही, मीही कमी केला नाही.

तर त्याला सगळं समजलं होतं. माझं नाक मुरडणं म्हणजे पसंती, हे त्याने नीट वाचलं आणि माझ्याच पारखीवर स्वतःच्या घरात सायकल नेली. भाव कमी करत नव्हता तर नसता केला, मी आणखी दोनदा उठून जाऊन परत आले असते आणि घेतलीच असती, हीच तर रीत आहे. त्याने रीत अर्धीच पाळली.

माझा निरोप त्याला पोचला आहे, तरी तो अजून या बाजूला फिरकलेला नाही. त्याने माझ्या ओट्यासमोर यावं आणि चार गिऱ्हाइकांदेखत जबाब द्यावा: भाऊ, मी घ्यायलेच आली होती हे तुले माहीत होतं, तर माझं म्हणणं तू खरं काऊन धरलं?